वास्तू, शिल्प आणि कॅमेरा : आय वेइवेइ यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात चिनी कलावंत आय वेइवेइ यांची ओळख करून देणारे छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. इमारती उभारणारा, मांडणशिल्पे घडवणारा आणि माहितीपट काढणारा हा एकच माणूस आहे, आणि या तिन्ही कामांत तो काय पाडले गेले, कोण गेले आणि त्याला जबाबदार कोण याची नोंद ठेवत आला आहे, असे त्या टिपणात म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. एकच क्षेत्र धरा, दहा ठिकाणी हात घालू नका, असे आमचे सर नेहमी सांगतात. आय वेइवेइ यांनी वास्तुकलेचे शिक्षण कोठे घेतले आणि तीन क्षेत्रे त्यांना एकाच वेळी कशी सांभाळता आली? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलेच नाही. मात्र त्यावरून शिक्षणाची गरज नसते असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांची घडण कशी झाली हे पाहायला हवे. त्यांचे वडील आय छिंग हे चीनमधील नामवंत कवी. वेइवेइंचा जन्म १९५७ चा, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'उजव्या' विचारवंतांविरुद्धच्या मोहिमेत आय छिंग यांच्यावर ठपका आला. कुटुंबाची रवानगी आधी ईशान्येकडील हैलोंगजियांग प्रांतात आणि नंतर वायव्येकडील शिनजियांगमध्ये झाली. माओंनी छेडलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६ ते १९७६) वर्षांत या कवीला वस्तीवरचे संडास साफ करण्याचे काम देण्यात आले आणि कुटुंबाला जमिनीत खणलेल्या एका भुयारवजा घरात राहावे लागले. त्या घराचे छत इतके ठेंगणे होते की आत शिरताना वडिलांचे डोके आपटले. छत वर नेणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी खालची जमीन आणखी वीतभर खणून घेतली. वास्तुकलेविषयी बोलताना वेइवेइ ही आठवण सांगतात. हाताशी आहे त्यातून राहण्याजोगी जागा करायची, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या बांधकामांमागचा विचार मला या प्रसंगात दिसतो.

१९७८ मध्ये ते बीजिंगच्या चित्रपट अकादमीत ॲनिमेशन शिकायला गेले. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९९३ पर्यंत तेथेच, मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये राहिले. त्या काळात त्यांनी दहा हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. मित्र, रस्ते, निदर्शने, पोलिसांचा लाठीमार, जे समोर येईल ते. वडिलांच्या आजारपणामुळे परतल्यावर ते बीजिंगच्या जुन्या बाजारात दिवसचे दिवस घालवू लागले आणि जेड, मातीची भांडी, लाकूडकाम हाताळता हाताळता त्यांची नजर तयार झाली. १९९९ मध्ये बीजिंगच्या कडेला असलेल्या त्साओछांगदी या गावात त्यांनी करड्या विटांचे, कसलीही सजावट नसलेले स्वतःचे घर आणि स्टुडिओ बांधला. तो पाहून लोक त्यांच्याकडे कामे घेऊन येऊ लागले, आणि २००३ मध्ये त्यांनी वास्तुरचनेचे कार्यालय थाटले. त्याच वर्षी हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी बीजिंगच्या ऑलिम्पिक स्टेडियमसाठी त्यांना कलाविषयक सल्लागार म्हणून सोबत घेतले. 'पक्ष्याचे घरटे' म्हणून जगाला माहीत झालेली इमारत ती हीच. पुढे ऑलिम्पिकच्या झगमगाटाआड जे दडवले जात होते त्याच्या निषेधार्थ त्यांनी उद्घाटन सोहळ्याकडे पाठ फिरवली.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तीन क्षेत्रे त्यांनी एकाच वेळी धरली नाहीत. कॅमेरा आधी आला, मग वस्तू आणि साहित्याची पारख, त्यानंतर बांधकाम; आणि माहितीपट हे तर परिस्थितीने त्यांच्या गळ्यात घातलेले काम आहे. तुमच्या सरांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. भार कसा पेलला जातो, लाकडाचा सांधा कसा बसतो, विटेची भिंत कोठे तडकते, हे आज तुम्ही शिकत आहात. वेइवेइंच्या शिल्पांचा निम्मा जोर याच ज्ञानातून आलेला आहे.

प्रश्न : या गृहस्थांनी दोन हजार वर्षांपूर्वीचा घट हातातून सोडून फोडला आणि त्याची छायाचित्रे कला म्हणून मांडली. आम्ही शाळेत मुलांना जुन्या वस्तू जपायला शिकवले. ही नासधूस कला कशी काय ठरते? (एक निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : तुमचा राग मला पटतो, आणि तो यावा अशीच ती कृती आहे. १९९५ मधल्या या तीन छायाचित्रांत हान राजवटीतला घट आधी त्यांच्या हातात, मग हवेत आणि शेवटी पायाशी तुकडे होऊन पडलेला दिसतो. चेहऱ्यावर मात्र कसलाही भाव नाही. ज्या देशात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली देवळे, ग्रंथ आणि मूर्ती सरकारी आशीर्वादाने नष्ट झाल्या आणि नंतर विकासाच्या नावाखाली जुने मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त झाले, त्या देशात एक माणूस एक घट फोडतो तेव्हा लोक हळहळतात. ती हळहळ आधी कोठे होती, असा प्रश्न ही छायाचित्रे विचारतात. तरीही, घट गेला तो गेलाच. अर्थ कितीही खोल असला तरी त्याची ही किंमत मला जास्तच वाटते.

त्याच विषयावरचे त्यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा या प्रदर्शनासाठी त्यांनी, पाडल्या गेलेल्या, मिंग आणि छिंग या जुन्या राजवटींच्या काळातील घरांची १००१ दारे-खिडक्या जोडून एक मोठी उघडी वास्तू उभी केली. प्रदर्शन सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच जूनमधल्या वादळात ती कोसळली. त्यांनी ती पुन्हा उभारली नाही. वाऱ्याने पिळवटून टाकलेल्या अवस्थेतच ती प्रदर्शनभर राहू दिली. ज्यांची घरे गेली त्यांच्या दारांची ही दुसरी पडझड लोकांनी डोळ्यांनी पाहिली, आणि येथे फोडले काहीच गेले नव्हते, उलट भंगारात गेले असते ते उचलून आणलेले होते.

प्रश्न : आमच्या भागात १९९३ चा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. सिचुआनच्या भूकंपावर या कलावंताने बरेच काम केले असे आपण लिहिले होते. मेलेल्या माणसांवर कलाकृती करणे योग्य आहे का, आणि त्याने नेमके काय केले, हे सविस्तर सांगावे. (एक वाचक, औसा)

उत्तर : किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपलेली माणसे गेली. सिचुआनचा भूकंप १२ मे २००८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी झाला, म्हणजे मुले वर्गात असताना. सुमारे ६९ हजार लोक मृत्युमुखी पडले आणि १८ हजार बेपत्ता झाले. मात्र तेथील आईवडिलांचा आक्रोश निसर्गावर नव्हता. शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शाळा तेवढ्या भुईसपाट झाल्या, हे त्यांनी पाहिले होते. सिमेंट कमी, सळ्या बारीक आणि त्याही अपुऱ्या, अशी निकृष्ट बांधकामे पैसे खाऊन झाली असल्याचा त्यांचा आरोप होता. किती मुले गेली आणि त्यांची नावे काय, हे सरकार सांगेना, आणि विचारणाऱ्या पालकांना गप्प बसवले जाऊ लागले.

वेइवेइ भूकंपानंतर लवकरच तेथे गेले, आणि वर्षाच्या शेवटी त्यांनी स्वयंसेवक जमवून नागरिकांची चौकशी सुरू केली. हे स्वयंसेवक घरोघर जाऊन प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा आणि इयत्ता लिहून घेत. त्यांना वारंवार पोलिसांनी अडवले, ताब्यात घेतले, लिहिलेले कागद काढून घेतले. तरीही पाच हजारांहून अधिक मुलांची यादी तयार झाली. वेइवेइ ती आपल्या ब्लॉगवर टाकत राहिले आणि मे २००९ मध्ये तो ब्लॉग बंद पाडण्यात आला. मधल्या काळात सरकारलाही मृत विद्यार्थ्यांचा आकडा जाहीर करावा लागला. ही यादी त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने लावलेली असे. कलाकृती करणे योग्य का, असे आपण विचारता. मला वाटते येथे यादी आधी झाली आणि कलाकृती नंतर, आणि हा क्रम उलटा असता तर आपली शंका रास्त ठरली असती.

या चौकशीतून दोन मोठी शिल्पे निघाली. पहिले २००९ मध्ये म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्ट या कलासंग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर होते. ढिगाऱ्यात सगळीकडे पडलेली दप्तरे त्यांनी पाहिली होती, म्हणून नऊ हजार रंगीत दप्तरे वापरून त्यांनी एक चिनी वाक्य त्या भिंतीवर लिहिले : 'ती या जगात सात वर्षे आनंदाने जगली.' मुलगी गमावलेल्या एका आईचे हे शब्द होते.

दुसऱ्या शिल्पाचे नाव 'सरळ'. कोसळलेल्या शाळांच्या काँक्रीटमधून निघालेल्या, पिळून वाकड्यातिकड्या झालेल्या सळ्या भंगारवाल्यांकडे जात होत्या. वेइवेइंनी त्या गाजावाजा न करता विकत घेतल्या आणि बीजिंगला आणवल्या. तेथे कामगारांनी एकेक सळई हातोड्याने ठोकून ठोकून, कारखान्यातून आली तेव्हा होती तशी सरळ केली. बांधकामाच्या जागी ज्यांनी सळ्या वाकवताना पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की, एकदा वाकलेली सळई हाताने पुन्हा तंतोतंत सरळ करणे हे किती जिकिरीचे आणि खांदे मोडणारे काम आहे. हे काम वर्षानुवर्षे चालले. एप्रिल २०११ मध्ये वेइवेइंना बीजिंग विमानतळावर पकडून ८१ दिवस कोंडून ठेवले, त्या काळातही स्टुडिओत ठोकाठोक थांबली नाही. २०१३ मध्ये व्हेनिसमध्ये सुमारे १५० टन सळ्या जमिनीवर थरांनी रचून मांडल्या गेल्या. त्यांची पातळी लाटेसारखी वरखाली होते आणि मध्येच भेगा पडल्यासारख्या फटी दिसतात. जवळ गेले की प्रत्येक सळई गंजलेली, ठोकल्याच्या खुणा अंगावर असलेली दिसते. सळईची जाडी, दोन सळ्यांमधले अंतर, काँक्रीटमधले तिचे काम हे सारे ठाऊक असलेल्या माणसालाच हे शिल्प सुचू शकले असते. हिशेबात दाखवलेले आणि इमारतीत न पोहोचलेले लोखंड यात आठवते, आणि पोहोचलेलेही किती कमी पडले हे दिसते.

याची त्यांनी शरीरानेही किंमत मोजली. शाळांच्या बांधकामांची चौकशी करणारे तान झुओरेन यांच्यावरील खटल्यात साक्ष देण्यासाठी ऑगस्ट २००९ मध्ये ते चेंगदूला गेले होते. पहाटे पोलीस हॉटेलच्या खोलीत शिरले, त्यांच्या डोक्यावर प्रहार झाला आणि खटल्याचे कामकाज संपेपर्यंत त्यांना बाहेर पडू दिले गेले नाही. पुढच्याच महिन्यात म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया करावी लागली.

प्रश्न : लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातील सूर्यफुलाच्या बियांचे काम शेकडो कारागिरांनी केले आणि नाव मात्र एकाचेच झाले. हा अन्याय नाही का? (एक वाचिका, कणकवली)

उत्तर : २०१० च्या ऑक्टोबरमध्ये टेट मॉडर्नच्या भव्य दालनात चिनीमातीच्या दहा कोटी बिया पसरल्या होत्या. जिंगदेझेन या, शतकानुशतके राजदरबाराला चिनीमातीची भांडी पुरवणाऱ्या गावातील सुमारे १६०० लोकांनी त्या घडवल्या, आणि प्रत्येक बीवरचे काळे पट्टे कुंचल्याने हाताने ओढलेले आहेत. माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली सूर्यफुले, अशी चित्रे सांस्कृतिक क्रांतीच्या काळी सर्वत्र असत. आणि टंचाईच्या दिवसांत मूठभर भाजलेल्या बिया वाटून खाणे हीच लोकांची चैन होती. कारागिरांना मजुरी मिळाली आणि बिया कशा घडल्या याची चित्रफीत दालनातच दाखवली जात होती. तीत माती कुटणारे हात आणि घरी बसून गप्पा मारत पट्टे ओढणाऱ्या बायका दिसतात. तरी आपला आक्षेप मी पूर्णपणे फेटाळणार नाही. इमारतीवर गवंड्याचे नाव नसते याची आपल्याला सवय झाली आहे, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ज्या कलावंताने प्रत्येक मृत मुलाचे नाव लिहून काढले, त्याच्या या कामात १६०० नावेही कोठेतरी भिंतीवर असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : त्यांचे माहितीपट खूप लांब आणि संथ असतात असे ऐकले. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सुरुवातीची काही कामे तर चित्रपट म्हणून बसून पाहण्यासाठी नाहीतच. २००४ मध्ये त्यांनी बीजिंगच्या छांगआन या पूर्व-पश्चिम राजरस्त्याचे ४५ किलोमीटर असे चित्रित केले की, दर ५० मीटरवर कॅमेरा लावायचा, एक मिनिट चित्रण करायचे आणि पुढे जायचे. त्याची लांबी दहा तासांहून अधिक आहे. शहराच्या कडेची शेते, कारखाने, सत्ताकेंद्र असलेला मधला भाग, पुन्हा कारखाने. रोज बदलणाऱ्या शहराचा त्या वर्षीचा पंचनामाच तो. वास्तुरचनाकार जागेची मोजणी करतो तशी येथे कॅमेऱ्याने मोजणी केली आहे.

माझी सूचना अशी की, २००९ मधल्या चेंगदूच्या माहितीपटापासून सुरुवात करावी. साक्षीसाठी गेलेले वेइवेइ आणि त्यांचे सहकारी, पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या एका सहकारी महिलेचा ठावठिकाणा विचारत या कचेरीतून त्या कचेरीत जातात आणि कॅमेरा चालूच असतो. पोलीस त्यांचे चित्रण करत असतात आणि ते पोलिसांचे. अधिकाऱ्यांच्या टोलवाटोलवीची ती संभाषणे आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ओळखीची वाटतील. हा माहितीपट विकण्यासाठी काढलेला नव्हता. तो त्यांनी लोकांत फुकट वाटला. त्यानंतर वुहानमधील टाळेबंदीवरचा २०२० चा 'कोरोनेशन' पाहावा. त्याचे चित्रण वुहानमधल्या नागरिकांनी केले आणि वेइवेइंनी युरोपात बसून दिग्दर्शन केले.

निर्वासितांवरचा 'ह्यूमन फ्लो' (२०१७) सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यासाठी २३ देशांत चित्रण झाले आणि त्यात बांगलादेशातील रोहिंग्यांच्या छावण्याही आहेत. आकाशातून घेतलेली छावण्यांची दृश्ये थक्क करणारी आहेत. पण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जाताना माणसे नीट भेटत नाहीत, नावे कानावर पडून विरून जातात. सिचुआनच्या कामात जे साधले ते येथे निसटले, असे माझे मत आहे.

प्रश्न : समुद्रकिनारी मृतावस्थेत सापडलेल्या सीरियन बालकाप्रमाणे ते स्वतः किनाऱ्यावर पालथे पडले होते. त्याविषयी आपण गप्प का? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : गेल्या टिपणात जागा कमी होती, एवढेच कारण. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या चिमुकल्याचा मृतदेह वाहून आला होता. काही महिन्यांनी ग्रीसच्या लेस्बोस बेटावर वेइवेइंनी त्याच स्थितीत पडून छायाचित्र काढू दिले. ते भारतातील 'इंडिया टुडे'साठी काढले होते आणि दिल्लीच्या कला मेळ्यात दाखवले गेले. मला ते छायाचित्र चुकीचे वाटते. लेस्बोसवर त्यांनी स्टुडिओ थाटला, निर्वासितांबरोबर दिवस काढले, किनाऱ्यावर टाकून दिलेली सुमारे १४ हजार जीवनरक्षक जाकिटे बर्लिनच्या संगीत सभागृहाच्या खांबांना गुंडाळली. या सगळ्यात निर्वासित समोर होते आणि कलावंत मागे. त्या एका छायाचित्रात बालकाच्या जागी कलावंत आला.

प्रश्न : ते आता कोठे असतात, आणि इमारती बांधणे त्यांनी सोडले आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : २०११ च्या अटकेनंतर सरकारने अडकवून ठेवलेले पारपत्र जुलै २०१५ मध्ये परत मिळाल्यावर ते बर्लिनला गेले, नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिजला आणि तेथून पोर्तुगालला. पारपत्र सरकारकडे होते त्या काळात, नोव्हेंबर २०१३ पासून रोज सकाळी ते त्साओछांगदीच्या दारासमोरील सायकलच्या टोपलीत निषेध म्हणून ताजी फुले ठेवत. व्यवसाय म्हणून वास्तुरचना त्यांनी बरीच वर्षे आधी आवरती घेतली होती, पण बांधकामाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. शांघायजवळ स्थानिक अधिकाऱ्यांच्याच आग्रहावरून त्यांनी एक मोठा स्टुडिओ बांधला होता. परवानगी नसल्याचे कारण देऊन तो जानेवारी २०११ मध्ये एका दिवसात पाडण्यात आला. त्याचा राडारोडा त्यांनी उचलून आणला आणि छिंग काळातील लाकडी चौकटीत रचून त्याचे शिल्प केले. २०१८ मध्ये बीजिंगचा आणखी एक स्टुडिओ यंत्रांनी पाडायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी त्याची चित्रफीत काढून लोकांसमोर ठेवली. पोर्तुगालमधील माँतेमोर-ओ-नोव्हो या गावाजवळ त्यांनी शांघायच्या पाडलेल्या स्टुडिओच्या धर्तीवर नवी इमारत उभारायला घेतली, आणि तिचा लाकडी सांगाडा जुन्या चिनी सुतारकामाप्रमाणे, खिळे न वापरता सांध्यात सांधा बसवून जोडला आहे.